चार हजारांची पेन्शन आणि पाच हजारांची पावती

पत्र : सादर नमस्कार. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. जून १९९७ ला लागले, यंदा ३१ मे ला रिटायर झाले. पहिली तीन वर्षं रोजंदारीवर होते, मग कायम झाले. शेवटचं बेसिक आणि डीए मिळून बावन्न हजार होतं. फंड मिळाला. जूनच्या शेवटी ग्रॅच्युइटीही जमा झाली, पण नेमकी किती ते ह्यांनी सांगितलं नाही. आता पेन्शन सुरू झाली आहे, महिना चार हजार एकशे काही रुपये. अठ्ठावीस वर्षं मुक्कामी गाड्या केल्या त्याचे चार हजार? शेजारी रिटायर्ड गुरुजी राहतात. त्यांनी कागदावर हिशोब मांडला तर तो साडेसहा हजारांच्या जवळ गेला. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ घरी आले. निवृत्तांच्या संघटनेचे आहोत म्हणाले. प्रत्येकी पाच हजार भरा, वाढीव पेन्शनची केस लावतो, पंचवीस हजार पेन्शन होईल, असं सांगून गेले. हे काही बोलतच नाहीत. संपात होते, तेव्हापासून युनियनचं नाव काढलं की उठून बाहेर जातात. डेपोकडे फिरकत नाहीत. मिळालं ते मिळालं, एवढंच म्हणतात. मुलगा म्हणतो, आलेल्या पैशांतून जुना पिकअप घेऊ. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. पाच हजार भरावेत का? आणि आमचं सगळं आम्हाला मिळालं की नाही, हे कळायचं कसं?
– एक वाचक, नगर जिल्हा, ऑगस्ट २०२५

ताई, नमस्कार.

पाच हजार भरू नका. ते गृहस्थ पुन्हा आले तर पाणी द्या, चहा द्या आणि चार प्रश्न विचारा. संघटनेचा नोंदणी क्रमांक काय? केस कोणत्या कोर्टात आहे आणि तिचा क्रमांक काय? मागणी नेमकी कोणती? छापील पावती देणार का? ‘केस लागेल’ आणि ‘केस लागली आहे’ यांत फार अंतर आहे. जी अजून दाखल झालेली नाही तिच्यासाठी घरोघर रोख गोळा करणारा माणूस संघटनेचा असला, तरी संघटनेने पाठवलेला असेलच असं नाही.

त्यांचा पंचवीस हजारांचा आकडाही तपासू. पेन्शनचं सूत्र सोपं आहे : पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. तुमच्या यजमानांचा शेवटचा पूर्ण पगार, म्हणजे ५२,००० धरा. एरवी पाच वर्षांची सरासरी धरतात, ती आणखी कमी भरेल. सेवा २८ वर्षं आणि वीस वर्षांहून जास्त नोकरी करणाऱ्याला मिळणारी दोन वर्षांची भर, अशी तीस वर्षं धरा. सगळं माप त्यांच्या पदरात टाकूनही उत्तर येतं २२,२८६ रुपये. जो आकडा सूत्रातच बसत नाही, तो सांगणाऱ्याने सूत्र पाहिलेलं नाही किंवा तुम्ही पाहिलेलं नसेल असा अंदाज बांधला आहे.

आता वाढीव पेन्शनचं खरं काय आहे ते सांगते, कारण गावोगावी याच विषयावर पैसे गोळा होत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ ला निकाल दिला. या पेन्शनसाठी पगार पंधरा हजारांपर्यंतच मोजतात. त्या मर्यादेऐवजी प्रत्यक्ष पगारावर पेन्शन हवी असणाऱ्यांना, तेव्हा नोकरीत असणाऱ्यांनाही, मालकासह मिळून तसा अर्ज (संयुक्त पर्याय) देण्याची संधी निकालातून मिळाली. अर्जाची मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ ला संपली. तुमच्या यजमानांनी तेव्हा ऑनलाइन अर्ज भरला होता का, हे एकदा विचारा. भरला असेल तर त्याची पोच शोधा आणि अर्जाचं पुढे काय झालं याची ईपीएफओकडे, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे, लेखी चौकशी करा. त्याला पाच हजार लागत नाहीत. भरला नसेल, तर आज कोणी ‘फॉर्म भरून देतो’ म्हणत असेल त्याला दारातूनच नमस्कार करा. आणखी एक गोष्ट हे लोक सांगत नाहीत. वाढीव पेन्शन मंजूर झाली, तरी इतक्या वर्षांचा वाढीव हिस्सा व्याजासकट पेन्शन फंडात परत भरावा लागतो. तुमच्या घरी फंड म्हणून जी रक्कम आली, तिच्यातूनच काही लाख परत गेले असते. काहींना ते परवडतं, काहींना नाही.

गुरुजींचा हिशोब मात्र प्रामाणिक आहे. पंधरा हजार गुणिले तीस, भागिले सत्तर, म्हणजे ६,४२८. सूत्र त्यांनी बरोबर वापरलं. त्यांच्याकडून सुटली ती २०१४ ची एक तरतूद, आणि ती भल्याभल्यांकडून सुटते.

एसटीवाल्यांची पेन्शन सरकारी नोकरांसारखी नाही. ती १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली आहे. साखर कारखान्यातल्या कामगारापासून सूतगिरणीतल्या कामगारापर्यंत सगळे त्याच योजनेत आहेत. मालकाच्या बारा टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, पण पूर्ण पगारावर नाही, ठरवलेल्या मर्यादेवर. ही मर्यादा आधी ५,००० होती, जून २००१ पासून ६,५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. म्हणजे पगार पन्नास हजार झाला तरी पेन्शन फंडात महिन्याला १,२५० रुपयांपेक्षा जास्त गेले नाहीत. २०१४ च्या आधी तर जास्तीत जास्त ५४१ रुपये जात होते. बाकीचं सगळं भविष्य निर्वाह निधीत जमा होत राहिलं आणि ते तुम्हाला एकरकमी मिळालं.

मर्यादा वाढवताना सरकारने एक अट घातली. सेवेचे दोन तुकडे करायचे. ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या वर्षांना ६,५०० ची मर्यादा लागू आणि त्यानंतरच्या वर्षांना १५,००० ची. तुमच्या घरचं गणित असं होतं. जून १९९७ ते ऑगस्ट २०१४ ही सव्वासतरा वर्षं, त्यांचे सुमारे १,६०० रुपये. सप्टेंबर २०१४ ते मे २०२५ ही पावणेअकरा वर्षं, पण यातून २०२१-२२ च्या संपाचे दिवस वजा होतात. पगार नाही म्हणून वर्गणी नाही, आणि वर्गणी नाही म्हणून ते दिवस पेन्शनच्या सेवेत नाहीत. उरतात साधारण सव्वादहा वर्षं, त्यांचे २,२०० च्या आसपास. दोन वर्षांच्या भरीचे दोनशे ते चारशे. सगळं मिळून चार हजार ते चार हजार दोनशे. तुमचे चार हजार एकशे काही त्यात बसतात.

म्हणजे ताई, पेन्शन कमी आहे, पण हिशोब चुकलेला दिसत नाही. अन्याय आहे तो सूत्रातच. सूत्राविरुद्ध एकट्याने अर्ज करून काही होत नाही. तो प्रश्न सगळ्यांनी मिळून लढायचा आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

पेन्शन पेमेंट ऑर्डरवर सेवेचा काळ आणि वर्गणी न भरलेले दिवस दिलेले असतात. तिथे संपाशिवाय आणखी मोठा खड्डा दिसला, सहा-आठ महिन्यांचा वगैरे, तर तेव्हा बिनपगारी रजा होती का, हे यजमानांना आठवायला सांगा. नसेल तर तो दुरुस्त करून घेता येतो. एसटीचा फंड स्वतःच्या ट्रस्टकडे असतो आणि पेन्शन ईपीएफओकडून येते, त्यामुळे कागद दोन कार्यालयांत फिरतात. ‘ते आमच्याकडे नाही’ हे उत्तर दोन्हीकडे ऐकायची तयारी ठेवा. दर महिन्याच्या २७ तारखेला ईपीएफओचं ‘निधी आपके निकट’ शिबिर जिल्ह्याच्या ठिकाणी होतं. समोर बसून बोलायला ते बरं. ऑनलाइन तक्रारही करता येते. कोणताही मार्ग घ्या, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

खरा तपास करायचा आहे तो ग्रॅच्युइटीचा. ‘मिळालं ते मिळालं’ हे वाक्य इथेच महाग पडतं.

कायदा म्हणतो : शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, त्याला सव्वीसने भागा, पंधराने गुणा, मग वर्षांनी गुणा. तुमचे ५२,००० भागिले २६ म्हणजे २,०००. गुणिले १५ म्हणजे ३०,०००. सेवेच्या प्रत्येक वर्षाला तीस हजार. अठ्ठावीस वर्षांचे आठ लाख चाळीस हजार. (शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त काम झालं असलं की ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणून अठ्ठावीस.) पासबुक उघडा आणि जूनअखेरची नोंद बघा. आठ लाख चाळीस हजार असतील तर हा विषय इथेच संपला.

कमी असतील तर किती कमी आहेत ते बघा, कारण तो फरकच सांगेल की कुठे शोधायचं. नव्वद हजार कमी असतील तर रोजंदारीची तीन वर्षं धरलेली नाहीत. एसटीत पूर्वी बहुतेकांची सुरुवात अशीच झाली. नाव रोजंदार, पण ड्युटी रोजची, मुक्कामाचीही. ग्रॅच्युइटीला कायम ऑर्डरची तारीख लागत नाही, अखंड सेवा लागते. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की ते वर्ष अखंड धरलं जातं. त्या तीन वर्षांचे हजेरीचे दिवस मोजायचे. त्यासाठी सेवापुस्तक लागतं, आणि हजेरीपत्रकातल्या नोंदी मिळाल्या तर फारच चांगलं.

तीस हजार कमी असतील, तर एखादं वर्ष सेवाखंड म्हणून वगळलं आहे का ते बघा. संपाचं वर्ष असण्याची शक्यता आहे. गैरहजेरीमुळे आपोआप सेवा तुटत नाही. ती तुटली असं धरायचं असेल तर तसा लेखी आदेश निघालेला असावा लागतो. सेवापुस्तकात आदेशाची नोंद नसेल तर प्रश्न विचारायला जागा आहे.

फरक या दोन्हींपेक्षा वेगळाच असेल तर पगार कोणता धरला ते पाहा. २०२१ च्या नोव्हेंबरात, संप चालू असताना, सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली होती. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना पाच हजार, दहा ते वीस वर्षं झालेल्यांना चार हजार आणि वीसच्या पुढच्यांना अडीच हजार. तुमचे यजमान तेव्हा चोवीस वर्षांचे जुने, म्हणजे त्यांना अडीच हजार. जुन्या माणसाला सगळ्यात कमी, हे कित्येक जणांच्या मनाला लागलं होतं. मग ३ आणि ४ सप्टेंबर २०२४ ला, गणपतीच्या तोंडावर, एसटी संघटनांच्या कृती समितीने पुन्हा संप केला. सह्याद्री अतिथिगृहावर सरकारसोबत झालेल्या बैठकीत सरसकट साडेसहा हजारांची वाढ एप्रिल २०२० पासून मान्य झाली. ज्यांना आधी अडीच हजार मिळाले होते त्यांच्या वाट्याला उरलेले चार हजार आले. तेव्हा पगारपत्रकं काढून दोन ठिकाणी बोट ठेवा. २०२१ च्या शेवटी अडीच हजारांची उडी दिसते का? २०२४ च्या समझोत्यानंतर आणखी चार हजारांची दिसते का? दोन्ही दिसल्या आणि बावन्न हजारांत त्या आल्या असतील तर पगार बरोबर धरला आहे.

एप्रिल २०२० पासूनच्या मागच्या काळाचा फरक हा वेगळा हिशोब आहे. तो निवृत्तांनाही लागू पडतो. आगाराच्या लेखा शाखेत विचारा : माझा फरक किती निघतो, किती दिला, किती बाकी. तोंडी नको, लिहून मागा.

सेवापुस्तकाची आणि ग्रॅच्युइटीच्या हिशोबपत्रकाची प्रत साध्या अर्जाने मिळायला हवी. यजमानांच्या नावाने विभागीय कार्यालयाला अर्ज लिहा, दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. पंधरा दिवसांत काही हाललं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी दहा रुपये. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून सगळी रामकहाणी त्यात घालू नका. ‘माझ्या सेवापुस्तकाची आणि ग्रॅच्युइटी हिशोबाची साक्षांकित प्रत’ एवढंच. उत्तराला तीस दिवस. अर्ज तुम्ही लिहिला तरी चालेल, पण सही त्यांची हवी, कारण दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून नकार येऊ शकतो. डेपोत जायचं नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा. म्हणजे ‘मी तिकडे जाणार नाही’ ही त्यांची अटही पाळली जाईल.

रक्कम कमीच निघाली आणि कार्यालयाने ऐकलं नाही, तर महाराष्ट्रात कामगार न्यायालय हे तुमच्या यजमानांना लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखालचं नियंत्रक प्राधिकरण आहे. तिथे ‘एन’ नमुन्यात अर्ज करतात. मुदत नव्वद दिवसांची आहे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर बसू नका. तुमची रक्कम वेळेत आली. ज्यांची येत नाही अशा वाचकांसाठी एक ओळ : तीस दिवसांच्या आत देणं बंधनकारक आहे, आणि चूक कर्मचाऱ्याची नसेल तर त्यापुढे दहा टक्के सरळव्याज मागता येतं. मागितल्याशिवाय ते सहसा कोणी देत नाही.

हिशोबपत्रकात ‘वसुली’ म्हणून एखादी रक्कम कापलेली दिसली तर तीही सोडू नका. पूर्वी कधीतरी वेतननिश्चिती चुकली आणि जास्त पगार दिला गेला, असं निवृत्तीच्या वेळी सांगून पैसे कापतात. कर्मचाऱ्याने लबाडी केलेली नसताना तिसऱ्या-चौथ्या वर्गातल्या किंवा निवृत्त कर्मचाऱ्याकडून अशी वसुली करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पंजाबच्या रफीक मसीह प्रकरणात सांगितलं आहे. अर्जात या निकालाचा उल्लेख करा.

आता यजमानांबद्दल. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात सगळ्यात जास्त जाणवलं ते हेच.

तो संप साधा नव्हता. संघटनांनी माघार घेतल्यावरही आगारं बंद राहिली. मागणी एकच होती, शासनात विलीनीकरण. निलंबनं झाली, बडतर्फीच्या नोटिसा आल्या, साडेपाच महिने घरात पगार नव्हता. हा प्रश्न तपासायला नेमलेल्या समितीने विलीनीकरण शक्य नाही असा अहवाल दिला आणि उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं. लोक परत गेले, पण कँटीनमध्ये दोन टेबलं झाली. एकावर ‘युनियनवाल्यांनी विकलं’, दुसऱ्यावर ‘संपवाल्यांनी घर मोडलं’. तुमचे यजमान कोणत्या टेबलावर होते ते मला माहीत नाही. पण तीन वर्षं त्या कँटीनमध्ये बसून जो माणूस निवृत्त झाला, त्याला पुन्हा त्याच फाटकातून आत जावंसं वाटत नसेल तर मी त्यांना हट्टी म्हणणार नाही.

त्यांना समजावायला जाऊ नका. एखाद्या संध्याकाळी कागद-पेन घेऊन फक्त हे आकडे दाखवा. अठ्ठावीस वर्षं ज्यांनी वेबिलं, म्हणजे तिकिटांचे रोजचे हिशोब, जुळवली, त्यांना आकडा वाचता येतो. संपाच्या साडेपाच महिन्यांमुळे पेन्शनमधून जातात महिना साधारण शंभर रुपये. संपात मिळालेले अडीच हजार आणि २०२४ चे चार हजार असे साडेसहा हजार बेसिकमध्ये वाढले, त्यामुळे महागाई भत्ता न धरताही ग्रॅच्युइटीत पडतात १,०५,००० रुपये. पेन्शनमध्ये मात्र त्यांचा एक पैसाही पडत नाही, कारण तिथे पंधरा हजारांवर पगार मोजतच नाहीत. साडेपाच महिन्यांचा बुडालेला पगार यात मी धरलेला नाही. तो धरला तर संप फायद्याचा होता की नाही यावर रात्रभर वाद होईल, आणि तो वाद घालायचा त्यांना हक्क आहे. पण आपण तिथे होतो आणि हातात काहीच आलं नाही, ही समजूत निदान आकड्यांच्या पातळीवर खरी नाही.

युनियनकडे जायचं का? सेवापुस्तकासाठी, ग्रॅच्युइटीच्या अर्जासाठी गरज नाही. ते हक्क एकेकट्याचे आहेत आणि एका सहीवर चालतात. पण कामगार न्यायालयापर्यंत गोष्ट गेली, तर तिथे उभं राहायची सवय असलेला जुना पदाधिकारी फार उपयोगी पडतो. कोणता नमुना कोणत्या टेबलावर द्यायचा, मागच्या वर्षी अशाच रोजंदारीच्या प्रकरणात काय झालं, हे त्याला तोंडपाठ असतं. संघटना अनेक आहेत, वेगवेगळ्या रंगांच्या. झेंडा बघून निवडू नका. तुमच्या आगारातून गेल्या दोन वर्षांत निवृत्त झालेल्या चौघांना विचारा, तुमचं काम कोणी केलं. एकच नाव दोनदा आलं की तोच माणूस. त्याची वर्गणी असेल ती पावती घेऊन द्या. वर्गणी द्यायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो पेन्शनचा आकडा सांगून घेतलेल्या पैशांना.

आणि मघाशी म्हटलं तो सूत्राचा प्रश्न. या योजनेत किमान पेन्शन १,००० रुपये आहे. ती सप्टेंबर २०१४ पासून तिथेच अडली आहे आणि तिला महागाई भत्ता नाही. म्हणजे तुमचे चार हजार एकशे आज आहेत तेवढेच दहा वर्षांनीही असतील, कायदा बदलला नाही तर. २०१३ मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीने किमान तीन हजारांची शिफारस केली होती. तीही बाजूला पडली. किमान ७,५०० आणि त्यावर महागाई भत्ता या मागणीसाठी ईपीएस-९५ राष्ट्रीय संघर्ष समिती देशभर आंदोलन करते. तिचं मूळ आपल्या बुलढाण्यात आहे आणि तिथे डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू झालं. एसटीचे, कारखान्यांचे, सूतगिरण्यांचे म्हातारे लोक पाळीपाळीने बसत आले. अशा ठिकाणी जायला डेपोचं फाटक ओलांडावं लागत नाही. तिथे दोन्ही टेबलांवरचे लोक भेटतात आणि बोलणं जुन्या संपाचं नसतं, पेन्शनचं असतं. यजमान जातील की नाही ते त्यांच्यावर सोडा. जिल्ह्यात मेळावा असेल तेव्हा तारीख तेवढी सांगून ठेवा.

पिकअपचं थोडक्यात. ग्रॅच्युइटीतून घेऊ नका. मुलाला धंदा करायचाच असेल तर त्याने कर्ज काढावं, हप्ता त्याच्या नावावर असावा. मदत म्हणून एक ठरावीक रक्कम द्या आणि ती परत येणार नाही असं धरून द्या. यजमानांचं वय ५८ आहे. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी साठीनंतर मिळते, पण ५५ ते ६० मधल्या निवृत्त कर्मचाऱ्याला निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं. ग्रॅच्युइटी जूनअखेर आली, म्हणजे तिच्यासाठी मुदत सप्टेंबरअखेर. या पत्रातली हीच गोष्ट सगळ्यात घाईची आहे. सध्या, ऑगस्ट २०२५ मध्ये, व्याज ८.२ टक्के आहे. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून पंधरा लाख ठेवले तर दर तीन महिन्यांनी ३०,७५० येतात, म्हणजे महिन्याला सव्वादहा हजार. पेन्शन धरून चौदा हजारांच्या वर. रक्कम पाच वर्षं अडकते. मधे काढता येते, पण काही कापून. पोस्टात जाताना निवृत्तीचा दाखला आणि रक्कम केव्हा मिळाली त्याचा कागद न्या. आधी फोन करून काय काय लागतं ते विचारलं तर एक फेरी वाचेल.

प्रवासाचा पास आगारातून मिळतो. त्याचे नियम परिपत्रकांनी बदलत आले आहेत, म्हणून चालू परिपत्रक बघायला मागा. तुम्हाला स्वतःला एसटीत महिला म्हणून अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून आहेच. दवाखान्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार यांवरची नावं सारखी आहेत ना, ते आत्ताच पाहून ठेवा, ऐनवेळी नको.

हयातीचा दाखला या पेन्शनला नोव्हेंबरातच द्यावा लागतो असं नाही. ज्या दिवशी दिला त्या दिवसापासून बारा महिने चालतो. पेन्शन ऑर्डरवर तुमचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का ते तपासा. पुढे कधी वेळ आली तर पत्नीला त्यांच्या पेन्शनच्या निम्मी, म्हणजे दोन हजारांच्या थोडी वर, पेन्शन मिळते, आणि स्पेलिंगच्या एका चुकीसाठी बायकांना तेव्हा महिनोन्‌महिने फिरावं लागतं. ३१ मे ला निवृत्ती, म्हणजे यजमानांची जन्मतारीख मे महिन्यातली किंवा १ जून असावी. १ जून असेल तर शाळेत गुरुजींनी घातलेली तारीख असणार! काही बिघडत नाही, मात्र सगळ्या कागदांवर तीच असू द्या.

तेव्हा या आठवड्यात पोस्ट, मग पासबुक, मग सेवापुस्तकाचा अर्ज. प्रत हातात आली की १९९७ ते २००० मधले हजेरीचे दिवस वर्षवार मोजून मला कळवा. २४० च्या आसपास घोटाळणारं एखादं वर्ष निघालं, तर आठवडी सुट्ट्या आणि भरपगारी रजा कशा धरायच्या ते पाहून ‘एन’ नमुन्यातला अर्ज आपण पुढच्या सदरात मिळून लिहू.